गणपतीला गावी जायचं की नाही, याचा हिशोब मी कसा मांडतो

प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ७६ वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, संगमेश्वर तालुक्यात गावच्या घरी एकट्या राहतात. गणपतीला डोंबिवली, विरार आणि पुण्याहून मिळून अकरा माणसं त्या घरी उतरतात. २०२० साली कोणीच गेलं नाही, २०२१ साली सगळे गेले, आणि दोन्ही वर्षी घरात भांडणं झाली. अजूनही कुठे रुग्ण वाढल्याची बातमी आली की तोच वाद उकरून निघतो. धाकटे दीर म्हणतात, काही होत नाही. मोठे म्हणतात, आईला काही झालं तर जबाबदार कोण? विचारणाऱ्या ताईंना हवं आहे ते एवढंच, की डॉक्टर स्वतः हे कसं ठरवतात.

मी ठाणे जिल्ह्यात एकतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. निम्मे पेशंट चाकरमानी, आणि मीही त्यातलाच. श्रावण लागला की दवाखान्यात खोकल्याच्या औषधाबरोबर 'डॉक्टर, यंदा जाऊ ना?' हाही प्रश्न येतो. तो नुसता कोविडच्या वर्षीच येत होता असं नाही. २००९ साली पुण्यात स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला झाला आणि गणपती २३ तारखेला बसले. तेव्हाही हाच प्रश्न होता.

ताई, 'जायचं की नाही' इथून सुरुवात केली की घरात दोन पक्ष पडतातच. मी आधी कॅलेंडर काढतो. २०२०चा विषाणू धरून चला. समजा, चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीत सासूबाईंना लागण झाली. लक्षणं यायला साधारण पाच-सहा दिवस. म्हणजे गौरी-गणपती बोळवून तुम्ही गाडीत बसलात, की त्याच सुमाराला त्यांना कणकण. पावसात भिजल्या, दगदग झाली, असं म्हणून त्या सुंठीचा काढा घेणार आणि फोनवर तुम्हाला सांगणारही नाहीत. श्वासाचा त्रास व्हायचाच असेल तर तो बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर होतो. चतुर्थीपासून मोजलं तर तेराव्या-चौदाव्या दिवशी. तोवर अनंत चतुर्दशीला थांबलेले पाहुणेसुद्धा मुंबईत पोचून कामाला लागलेले असतात. अकरा माणसांनी भरलेलं घर ज्या दिवशी सगळ्यात रिकामं, नेमका तोच दिवस धोक्याचा.

सप्टेंबर २०२० मध्ये माझ्या एका पेशंटच्या आईचं हेच झालं. मुलं परतून आठ दिवस झाले होते. शेजारची सून दूध द्यायला गेली तर म्हातारी ओटीवर भिंतीला टेकून बसलेली, चूल पेटवलेली नाही. बोलत होत्या व्यवस्थित, दम लागलाय असंही म्हणत नव्हत्या. गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८६ टक्के. गाडी मिळायला तीन तास, त्यात रात्र, त्यात पाऊस. त्या वाचल्या, पण त्या रात्री मुलगा मला फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत होता: 'आम्ही तर निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन गेलो होतो.'

त्यामुळे तुमच्या घरात पहिला निर्णय हा घ्या: सगळे निघाल्यावर मागे कोण राहणार. दहा-बारा दिवस. घरून काम करता येणारं कोणी असेल, कॉलेजातला नातू असेल, निवृत्त झालेल्या नणंदबाई असतील. कोणीच राहू शकत नसेल तर साथ जोरात असताना अकरा जणांनी जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. एक जण राहत असेल तर माझा विरोध निम्म्याने कमी होतो. मागे राहणाऱ्याने दिवसातून दोनदा ऑक्सिमीटर बघायचा: नेलपेंट पुसून, बोटं गार असतील तर चोळून गरम करून, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबून. ९४च्या खाली सातत्याने दिसलं की काढे बंद आणि गाडी बोलवायची. आकडा चांगला असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून पुन्हा बघायचा. चालल्यावर तीन-चारने उतरला तर तोही इशाराच. तालुक्याला ऑक्सिजनचा बेड कुठे आहे आणि रात्री अकरा वाजता कोणाची गाडी निघेल, ही दोन उत्तरं चतुर्थीच्या आधी भिंतीवर कागदावर लिहिलेली हवीत.

आता मोठ्या दिरांची बाजू. 'न गेलेलं बरं' याला काही किंमत पडत नाही असं आपण धरून चालतो. २०२० साली मीच दोन-तीन घरांना जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या एका घरचे आजोबा गावी एकटे. दरवर्षी गणपतीला मुलगा औषधांचा चार महिन्यांचा साठा घेऊन जायचा, त्या वर्षी गेलाच नाही. आजोबांनी इन्सुलिन पुरवून पुरवून वापरलं, मग सोडून दिलं, आणि कोणाला त्रास नको म्हणून बोलले नाहीत. पायाच्या अंगठ्याला चिखलात लागलेलं खरचटणं दिवाळीपर्यंत काळं पडलं आणि अंगठा कापावा लागला. कोविडच्या कुठल्याच तक्त्यात हा अंगठा मोजला गेला नाही, पण माझ्या हिशोबात तो आहे. तेव्हापासून 'जाऊ नका' असं सांगताना त्याच दमात मी औषधांची यादी मागतो.

दोन्ही बाजू अशा समोर ठेवल्या की मग आकड्यांकडे वळता येतं. धाकट्या दिरांना हा हिशोब पटेल, कारण तो भीती दाखवत नाही. साथीच्या मधल्या काळात दोनशेतला एक माणूस स्वतःला नकळत संसर्ग घेऊन फिरतोय असं धरा. तुमच्या अकरा जणांत असा किमान एक असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. आरतीला चाळीस माणसं जमली तर अठरा टक्के. मंडळाच्या मंडपात शंभर असतील तर जवळजवळ चाळीस. दोनशेतला एक हा आकडा दर वेळी बदलतो, आणि सरकारी आकड्यांवरून तो थेट कळत नाही. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासणी झाली तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. म्हणजे अधिकृत नोंदीच्या कितीतरी पट माणसांना तो होऊन गेला होता. म्हणून मी पेपरातल्या एकूण आकड्याकडे फारसं बघत नाही. आपल्या ओळखीतल्या किती घरांत या आठवड्यात ताप आहे आणि गेल्या आठवड्यात किती घरांत होता, हे विचारतो. केमिस्टला विचारलं तरी चालतं, त्याला आधी कळतं.

आणि हे दोन्ही टोकांना विचारायचं, मुंबईत आणि गावातही. २०२० साली सगळी भीती एकाच दिशेची होती: मुंबईवाले आजार घेऊन येणार. कशेडी घाटात तपासणी, १२ ऑगस्टपर्यंत पोचा आणि दहा दिवस घरात बसा, त्यानंतर निघालात तर अठ्ठेचाळीस तासांच्या आतला रिपोर्ट दाखवा. त्या वेळी ते बरोबरही होतं. पण २०२१च्या जून-जुलैत मुंबई ओसरली होती आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, सांगली अजून पेटलेले होते. त्या दोन महिन्यांत मुंबईकराने गावाला घाबरायला हवं होतं. माझ्या गावात मात्र तेव्हाही वाडीच्या तोंडावर बांबू आडवा टाकून मुंबईची गाडी अडवत होते, आणि आत लग्नं लागत होती.

आता जी गोष्ट मुंबईहून निघणाऱ्या कोणाच्याच हिशोबात नसते, तिच्याबद्दल जरा विस्ताराने. आपण घरातल्या अकरा जणांची काळजी करतो: कोण कुठून आलं, कोणाची चाचणी झाली. पण वाडीत धोका पसरतो तो भजनाच्या मेळ्यातून. वीस-पंचवीस जणांची मंडळी संध्याकाळी पहिल्या घरी आरती सुरू करतात आणि रात्री बारापर्यंत वाडीतलं घर न् घर करतात. पावसामुळे दारं-खिडक्या लावलेल्या. माजघरात माणसाला माणूस चिकटून उभा, टाळ-मृदंगाच्या वर आवाज चढवून 'सुखकर्ता'पासून 'घालीन लोटांगण'पर्यंत अर्धा तास. मग तिथेच बसून चहा आणि काळ्या वाटाण्याची उसळ, म्हणजे असलेले मास्कही हनुवटीखाली. त्यात एक जण बाधित असला तर एका रात्रीत तो पंधरा घरांच्या माजघरांत अर्धा-अर्धा तास गातो. तुम्ही घरी कितीही पाळलंत तरी तुमच्या दारात ती मंडळी येणारच.

गाण्याने हे किती पसरतं याचं एक उदाहरण जगभरच्या डॉक्टरांना पाठ आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट भागातल्या एका गायकवृंदाचा १० मार्च २०२०ला अडीच तास सराव झाला. हजर ६१, त्यातले एकच जण आधीपासून थोडे आजारी. त्यांना धरून एकूण ५३ जण आजारी पडले, काहींची चाचणी झाली, काहींची लक्षणांवरून नोंद झाली. दोघे दगावले. मोठ्याने गाताना तोंडातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत हवेतच तरंगत राहतात. तीन फुटांच्या अंतराला तिथे फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून २०२१ साली आमच्या वाडीत मी भजन बंद करा असं म्हटलं नाही, कोणी ऐकलंही नसतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ताडपत्रीचा मांडव घातला, चारी बाजू उघड्या. मेळ्याने खळ्यातच आरती करायची आणि मूर्ती घरात दिसेल एवढा दरवाजा सताड उघडा ठेवायचा. उसळीचे द्रोण हातात द्यायचे, पंगत बसवायची नाही. बुवा आधी रागावले, बाहेर आवाज घुमत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी वाडीच्या पोरांनी स्पीकर आणला तेव्हा शांत झाले. म्हातारी माणसं माजघरात मूर्तीजवळ बसली, बाकी सगळे बाहेर. एवढा एक बदल बाकीच्या दहा सूचनांपेक्षा भारी आहे असं माझं मत आहे. तुमच्याकडे खळं नसेल तर पडवी. तीही नसेल तर समोरासमोरची दोन दारं उघडा आणि टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. छतावरचा पंखा तीच हवा ढवळत बसतो.

प्रवास हा दुसरा मोठा भाग. पनवेल सोडल्यापासून संगमेश्वरपर्यंत सात जण काच लावून एसीत, खड्डे आणि कोंडी धरून दहा-बारा तास. त्यातला एक जण बाधित असेल तर गावात पोचेपर्यंत तीन होऊ शकतात, आणि मग तुम्ही जिला सांभाळायला निघालात तिच्यासमोर तिघेही वाकून नमस्कार करतात. दोन गाड्या करा, एका घरची माणसं एका गाडीत. एसीची हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा आणि मागच्या काचा दोन बोटं खाली. एसटीने किंवा रेल्वेने जाणार असाल तर एन९५ घाला, नाकावर पट्टी दाबून. कापडी मास्क मी २०२१नंतर कोणाला सुचवलेला नाही.

चाचणीबद्दल तुमच्या घरात सगळ्यांचा जो विश्वास आहे तो थोडा कमी करायला हवा. लागण झाल्यावर पहिले तीन-चार दिवस आरटी-पीसीआरसुद्धा बऱ्याचदा निगेटिव्ह येते. रॅपिड चाचणी त्याहून जास्त चुकवते. अठ्ठेचाळीस तास आधी नमुना, मग ऑफिसात शेवटचा दिवस, मग दादरला फुलं आणि कंठी घ्यायला गर्दीत, मग गाडी. त्या रिपोर्टात यातलं काहीच नसतं. पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवा आणि घरी थांबा. निगेटिव्ह आला तर त्याच्या जोरावर आजीच्या गळ्यात पडू नका. मला विचाराल तर चाचणीपेक्षा निघण्याआधीचा आठवडा जास्त उपयोगाचा. पाच-सहा दिवस गर्दी टाळली, लोकल टाळता आली, मुलांचे क्लास बंद ठेवले, तर अकरातला एक बाधित असण्याची शक्यता खरोखर खाली येते. मुंबईत सगळ्यांना हे जमत नाही, मला माहीत आहे. ज्याला जमत नाही त्याने गावी पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस सासूबाईंच्या शेजारी जेवायला बसू नये आणि त्यांच्या खोलीत झोपू नये. एवढं तरी जमतं.

भाज्या धुणं, बॅगांवर फवारणी, उंबऱ्यात ब्लीचिंग पावडर, यात वेळ घालवू नका. हात धुवा, तो साबणाने. सॅनिटायझर देवघरापासून लांब ठेवा, कारण त्यात बहुतांश अल्कोहोल असतं आणि समोर निरांजन असतं. २०२० साली हात भाजलेला एक काका माझ्याकडे आला होता, ओल्या हाताने आरतीचं तबक उचललं होतं.

एक धोक्याची गोष्ट शहरातल्या डॉक्टरांकडूनही निसटते. भाद्रपदात कोकणातला ताप हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) असू शकतो, डेंग्यू असू शकतो, मलेरिया असू शकतो. २०२० साली लोकांनी ताप लपवला, कारण ताप म्हटला की शाळेत विलगीकरण आणि वाडीत बहिष्कार. माझ्या चुलतभावाने शेतात काम करून आल्यावर आलेला ताप चार दिवस अंगावर काढला. डोळे लाल, पोटऱ्या ठणकत होत्या, लघवी कमी झालेली. लेप्टो निघाला. वेळेत मिळालं तर साध्या अँटिबायोटिकने आटोक्यात येणारा आजार, तो डायलिसिसपर्यंत गेला. साथीच्या भीतीने ताप लपवावा लागेल असं वातावरण घरात करू नका, हे मी मोठ्या दिरांना मुद्दाम सांगतोय.

सण झाल्यावर काय झालं याचा अनुभवही एकसारखा नाही. २०२०च्या गणपतीनंतर सप्टेंबरात राज्यात रोजचे रुग्ण चोवीस हजारांवर गेले. पण लाट आधीपासूनच चढती होती, त्यामुळे सगळा दोष गणपतीला देता येत नाही. २०२१च्या गणपतीनंतर वाढ झालीच नाही: दुसरी लाट नुकतीच घराघरातून फिरून गेली होती आणि लसीकरण जोरात होतं. २०२०च्या दिवाळीनंतर सगळे श्वास रोखून बसले होते, तेव्हाही महाराष्ट्रात मोठं काही झालं नाही. आणि मग फेब्रुवारीत, कुठलाही मोठा सण नसताना, अमरावती-अकोल्याकडून दुसरी लाट उठली. २०२१च्या नाताळात ओमिक्रॉन आला तेव्हा जानेवारीत घरोघरी ताप होता, पण ऑक्सिजन लागणारे माझे पेशंट बोटावर मोजण्याइतके. अंगात आधीची प्रतिकारशक्ती किती आहे आणि विषाणू कोणता आहे, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून गेल्या वर्षीचा निर्णय यंदा तसाच्या तसा उचलू नका, दोन्ही दिरांनी.

आजच्या घडीला तुमच्या सासूबाईंसाठी कोविड हा २०२०चा कोविड नाही. लस झालेली, बहुधा एक-दोनदा होऊनही गेलेला. लक्षणंही आता तीनेक दिवसांत दिसतात, त्यामुळे वर मांडलेलं कॅलेंडर थोडं अलीकडे सरकतं. वय मात्र तिथेच आहे. लस नव्हती तेव्हा वयाची दर सहा-सात वर्षं वाढली की मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होत होता, आणि वयाचं ते गणित लसीने खाली आणलं, पुसलं नाही. शिवाय आपल्याकडे इन्फ्लुएन्झा पावसाळ्यात वाढतो, म्हणजे गणपती दरवर्षी फ्लूच्या ऐन हंगामात येतात. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगी लागायला दोन आठवडे जातात. मे-जूनमध्ये त्यांना ती द्या, राहिली असेल तर निदान श्रावण सुरू होताना. फ्लूवरच्या गोळ्या पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केल्या तर जास्त उपयोगी पडतात, त्यामुळे 'बघू दोन दिवस' हे त्यांच्या बाबतीत नको. पण हे सगळं डॉक्टरांना विचारून. २०२१ साली केमिस्टकडून आणून घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर पाचशेवर गेलेले आणि मग काळ्या बुरशीने डोळा गमावलेले मधुमेही मी पाहिले आहेत. ऑक्सिजन कमी नसताना त्या गोळ्यांचा फायदा नव्हता.

आता तुमच्या घरचं विचाराल तर मी असं ठरवीन. तालुक्यात आणि मुंबईत दोन्हीकडे ताप वाढत असेल, तर अकराऐवजी पाच जणांनी जावं, पूजा मोठ्या दिरांनी करावी आणि एकाने मागे राहावं. नुसती बातमी असेल आणि ओळखीत ताप नसेल, तर सगळ्यांनी जावं, आरती खळ्यात करावी, आणि ज्याला शिंक आली त्याने, मग तो घरचा कर्ता का असेना, निघायच्या दिवशी मुंबईतच थांबावं. धाकट्या दिरांना हे शेवटचं कबूल आहे का, ते आधीच विचारून घ्या.

आणि सासूबाईंना अजून कोणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या प्रश्नात दोन्ही दिरांची मतं आहेत, त्यांचं नाही. २०२१ साली माझ्या आईने, तेव्हा ती ८१ची होती, मला फोनवर सांगितलं होतं, 'तू ये, पण त्या भजनवाल्यांना बाहेर उभे कर.' खळ्यातल्या आरतीची कल्पना तिचीच. फोन लावा, त्यांना काय हवंय ते विचारा, आणि त्याच फोनवर इन्सुलिनच्या किती कुपी शिल्लक आहेत आणि वीज गेली की त्या कुठे ठेवतात, तेही विचारून घ्या.